चतुराबाईंच्या चंचीतला अडकित्ता

ओळखलंत का मला? नसेल ओळखलं तरी रागावणार नाही. हल्ली सुपारी चकचकीत पुडीत कातरून मिळते, दाताने पुडी फाडली की काम झालं. मी अडकित्ता. देगलूरच्या एका ओताऱ्याने माझं पितळी अंग राघूच्या आकाराचं ओतलं आणि त्याच्या शेजारच्या लोहाराने त्यात पोलादी पातं बसवलं. डोळ्याच्या जागी लाल मणी होता, तो पहिल्याच महिन्यात पडला. धार मात्र आजही शाबूत आहे, आणि तिचा मला थोडा गर्व आहे हेही सांगून टाकतो.

मला विकत घेतलं ते चतुराबाईंच्या वडिलांनी, लेकीला सासरी धाडताना. "पाहुणा बिनसुपारीचा दारातून जाऊ देऊ नको," एवढं एकच त्यांनी सांगितलं. बाईंनी ते असं काही मनावर घेतलं की पुढची साठेक वर्षं माझी चंची त्यांच्या कमरेवरून फक्त झोपताना सुटली.

बाईंचे यजमान अंबाजी. गावाकडची कोरडवाहू जमीन भावावर सोडून ते हैदराबादेत आले आणि बेगम बाजारात सुपारीच्या एका ठोक दुकानात माल पारखायला लागले. नमुना घरी आणायचे आणि बाईंपुढे ठेवायचे. सुपारी वरून कितीही गुळगुळीत असो, आतून कशी आहे ते कातरल्याशिवाय कळत नाही. कधी पोकळ निघते, कधी किडकी. बाई माझ्यात सुपारी धरायच्या, एक कट् आवाज व्हायचा, आणि अंबाजींना उत्तर मिळायचं. त्या धंद्यावर नल्लकुंट्यात घर झालं. मुलगा विक्रम शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. अंबाजी गेले. बाईंचे दात गेले. स्वतः खाता येईना, तरी त्या येणाऱ्याजाणाऱ्यासाठी कातरत राहिल्या. मीटर बघायला येणारा माणूससुद्धा आमच्या दारातून सुपारीचं खांड तोंडात टाकूनच जायचा.

मग बाई विसरू लागल्या.

आधी तेलुगू गेलं. मग ज्या दखनी उर्दूत त्यांनी जन्मभर बेगम बाजारात घासाघीस केली, तीही गेली. उरली फक्त देगलूरची मराठी, आणि ती विक्रमखेरीज घरात कोणाला नीट कळत नव्हती. नात निशिगंधा म्हणायची, "पप्पा, आजी काय बोलते ते मला हाफच समजतं." एकदा गॅस उघडा राहिला. एकदा बाई बरकतपुऱ्याच्या चौकात अनवाणी सापडल्या, देगलूरची गाडी विचारत. एकदा त्यांनी सुनेला, योगिनीला, चोर समजून लाटणं मारलं. घरी ठेवलेल्या आया टिकेनात. योगिनीने शाळेतली नोकरी सोडली, आणि वर्षभरात ती अशी दिसायला लागली की लोक तिलाच आजारी समजायचे. सून सासूला घराबाहेर काढते म्हणून कुजबुजणाऱ्यांनी आधी आठवडाभर तिच्या घरी राहून बघायला हवं होतं.

बाईंचे हात मात्र काही विसरले नव्हते. कोणी समोर बसलं की हात चंचीत जायचा, मी बाहेर यायचो, खांड समोरच्याच्या तळव्यावर पडायचं. समोरचा माणूस कोण ते त्यांना ठाऊक नसायचं, पण तो पाहुणा आहे हे ठाऊक असायचं.

कोठी भागातल्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, "आता चोवीस तास माणूस पाहिजे. अशा पेशंटसाठी होम असतात, बघून घ्या." कोंडीत सापडलेल्याला लोक अडकित्त्यातली सुपारी म्हणतात. सुपारीला काय वाटतं ते मी कधी विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी विक्रमच्या तोंडाकडे पाहून समजलं.

पहिलं होम शहराच्या नव्या बाजूला होतं. काचेचं दार, बाग, न घसरणारी फरशी, प्रत्येक पलंगाजवळ घंटी. महिन्याला सत्तर हजार. अनामत वेगळी, डायपर वेगळे, व्यायाम करवणारी बाई वेगळी. विक्रमच्या पगाराचा बहुतेक भाग तिथेच संपत होता. जागा दाखवायला बाईंना आत नेताना नर्सने चंची सोडवून घेतली, तपासली आणि मला दोन बोटांनी बाहेर काढलं. "सॉरी सर, धारदार वस्तू इथे अलाऊड नाही." हे ती हिंदीत म्हणाली, आणि नम्रपणे म्हणाली. पण बाई सगळा वेळ कमर चाचपत, "माझी चंची कोणी नेली," म्हणत रडत राहिल्या.

परतताना गाडीत विक्रम म्हणाला, "आईचं एवढंच उरलंय, अन् ते बी काढून घेतात. सत्तर हजार काय याचे द्यायचे?"

दुसरं होम उप्पलच्या बाजूला, एका दुमजली घरात. महिन्याला पंचवीस हजार, त्यात सगळं आलं. फिनेलचा वास होता आणि त्याखाली दुसराही एक वास होता. चंची कोणी तपासली नाही. बाई व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या, सवयीने मला काढलं आणि कातरू लागल्या. तिथे काम करणारी भाग्यलक्ष्मी जवळून जात होती. ती थांबली, हसली आणि तिने तळवा पुढे केला. बाईंनी खांड ठेवलं. भाग्यलक्ष्मीने ते तोंडात टाकून मान डोलावली, "बाउंदी अम्मा." छान आहे, असा त्याचा अर्थ. बाईंना तो कळला नसेल, पण किती दिवसांनी त्या हसल्या.

विक्रमच्या डोळ्यांत पाणी आलं. "हितंच ठेवू आईला. घरासारखं आहे की."

योगिनी तोवर आतून फिरून आली होती. "विक्रम, तू बाथरूम बघितलं का? अन् रात्री कोण असतं, ते विचारलं का?"

"सब रहते मॅडम, फिकर नक्को," मालक दारातून म्हणाला.

"घरासारखं असेल," योगिनी हळूच म्हणाली, "पण घरात माणसं असतात. इथे मला ती एकच दिसली."

विक्रमने ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही त्याच्याच बाजूने होतो. मला कोणी काढून घेत नव्हतं, यापेक्षा मोठा मायेचा पुरावा मला तरी कोणता हवा होता? इतकी वर्षं आतून सुपारी बघणारा मी, त्या दिवशी वरच्या सालावर भुललो.

पुढचे काही महिने मी तिथे काढले. भाग्यलक्ष्मी वाईट नव्हती, हे मी कोणापुढेही सांगेन. पण तिला हात दोनच होते. दोन्ही मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, आणि कोणी पडलं तर उचलायचं, हे सगळं तिच्याकडे. सकाळी ती बाईंना बाकावर बसवायची, मला त्यांच्या हातात द्यायची आणि जायची. मग संध्याकाळपर्यंत कोणी फिरकायचं नाही. सुपारी संपली तर ती आणून द्यायलाही कोणी नव्हतं. विक्रम रविवारी पुडा आणायचा, तो दोन दिवसांत संपायचा. मग बाई हाती येईल ते कातरायच्या. वाळकी चपाती, पदराची किनार, बाकाला बांधलेली सुतळी.

एका आठवड्यात त्यांनी बोट कातरलं. डाव्या हाताचं, सुपारी धरायचं. त्या ओरडल्या, पण तिथे सगळेच ओरडत, म्हणून कोणी आलं नाही. मी मात्र जवळ होतो. ज्या हाताने मला आयुष्यभर धुतलं, पुसलं, त्याच हाताचं रक्त माझ्या पात्यावर वाळलं.

विक्रम रविवारी आला तेव्हा बोटाला मळकी चिंधी होती आणि चिंधीला वास होता. बोट काळंनिळं पडून सुजलं होतं. "कधी झालं हे?" त्याने भाग्यलक्ष्मीला विचारलं.

"मालूम नै सर." तिचा चेहरा उतरला होता. "वो हाथ में रहा तो अम्मा चुप बैठती. नै तो दरवाजे पे जा के रोती, देगलूर-देगलूर बोलती. मैं अकेली, सर. सबको कैसा देखूं?"

विक्रमने बाईंच्या हातातून मला काढून घेतलं. होमने मायेपोटी दिलेली सूट म्हणून त्याने जे पाहिलं होतं, ते काय होतं ते त्याला आत्ता कळलं. कोणाला सवड नव्हती म्हणून मी बाईंच्या हातात होतो. मला काढून घेतलं असतं तर त्यांना सांभाळायला माणूस लागलं असतं.

दवाखान्यात बोटाचं वरचं पेर काढावं लागलं. त्या संध्याकाळी विक्रम भिंतीला डोकं टेकून म्हणाला, "मी आईला स्वस्तात टाकलं." योगिनी त्याच्या शेजारी बसली. 'मी सांगितलं होतं,' असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली, "नल्लकुंट्याचं घर आईबाबांच्या कष्टाचं आहे. ते आईंनाच लागू दे."

घर विकलं. तिघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. बाई काचेच्या दाराच्या होममध्ये आल्या आणि मी स्वागतकक्षाच्या टेबलाच्या खणात, पारदर्शक पिशवीत. पिशवीवर बाईंचं नाव आणि खोलीचा नंबर.

त्या जागेला मी नावं ठेवणार नाही. चादर रोज बदलते. नखं कापलेली असतात. मऊ भात वेळेवर मिळतो, अंगावर ओरखडा नाही. भेटीची खोली माझ्या खणाला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, खणाच्या फटीतून थोडं दिसायचंही. सुरुवातीला बाई कमर चाचपायच्या, रडायच्या. मग ते थांबलं, पण त्यांची बोटं मांडीवर उघडमीट करत राहायची, रिकामी. तिथल्या लोकांनी त्यांना स्पंजचा चेंडू दिला, रंगीत मणी दिले. बाईंनी ते बाजूला ठेवले. काही महिन्यांनी बोटंही थांबली.

"खूप सेटल झाल्यात आता, सर," नर्स आनंदाने म्हणाली. "अगदी शांत असतात."

"हौ," विक्रम म्हणाला.

गेल्या महिन्यात निशिगंधाने नर्सची परवानगी काढली. फक्त पाच मिनिटं, आणि नर्स जवळ बसणार. तिने बेगम बाजारातून मंगळुरी सुपारी आणली होती, आजीच्या पसंतीची, आणि ती रात्रभर भिजवून मऊ केली होती. माझी पिशवी उघडली. विक्रमने मला बाईंच्या उजव्या हातात ठेवलं.

अंगठा बरोबर माझ्या मानेवर आला. तिथलं पितळ त्याच अंगठ्याने झिजलेलं आहे. पातं थोडं उघडलं. निशिगंधाने सुपारीची वाटी पुढे सरकवली, आणि मला वाटलं, आता हात सुपारीकडे जाईल.

पातं मिटलं. बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, पदराने पुसलं आणि विक्रमपुढे धरलं.

"हे तुमचं इथं राहिलं जणू. घेऊन जा बाबा, घरी शोधत असतील."

"आई, तुझंच आहे हे. तुझ्या वडिलांनी दिलेलं."

"माझं नव्हे." त्या संकोचल्या. "दुसऱ्याची वस्तू कशी ठेवून घ्यावी?" मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सुपारीची वाटी त्यांच्यासमोरच होती. "एवढ्या लांबून आलात, पण घरात सुपारीचं खांड नाही बघा. राग मानू नका."

विक्रमने मला घेतलं. तो म्हणाला, "नाही मानत."

नर्स चांगली बाई. ती म्हणाली, "आता इथे ठेवायची गरज नाही, सर. घरी न्या." तेव्हापासून मी विक्रमच्या स्कूटरच्या डिकीत आहे, पान्यांच्या आणि एका जुन्या फडक्याच्या सोबतीला. मला घरात न्यायचं त्याला धाडस होत नाही आणि टाकवतही नाही. दर महिन्याला तो होमचे पैसे भरतो. घराचे पैसे किती दिवस पुरतील ते त्याला माहीत आहे. बाई किती दिवस असतील ते मात्र कोणालाच माहीत नाही. कुठलं आधी संपावं म्हणून प्रार्थना करायची, हे त्याने योगिनीलाही विचारलेलं नाही.

तुमच्यावर कधी अशी जागा शोधायची पाळी आली, तर योगिनीसारखे प्रश्न विचारा. बाथरूम बघा, रात्री कोण असतं ते विचारा, आणि आपल्या माणसाच्या हातांना दिवसभर काय काम असेल तेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला पंचवीस हजारांत मिळालं नाही आणि सत्तर हजारांतही मिळालं नाही. तुम्हालाही नाही मिळालं, तर निदान स्वतःला फार बोल लावू नका.

माझी धार अजून चांगली आहे. कोणाच्या घरी पाहुण्याला अजून सुपारी देत असतील, तर विक्रमकडून मला मागून न्या. तो नाही म्हणणार नाही.