तिच्या मापाचं खरं

घर इतकं शांत होतं की आतल्या खोलीत चेन ओढल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. सर्रकन एकदा. मग थांबून पुन्हा, उलट्या बाजूने.

आशी झोपली नव्हती. बॅग भरत होती.

अश्लेषा, आमची आशी, साडेचार वर्षांची आहे. गेल्या सोमवारी ती निपाणीहून आली. तिथे माझ्या आईजवळ ती वर्षभर राहिली होती. आल्यापासून रोज दुपारी मी भांडी आवरायला गेले की ती आपली गुलाबी बॅग उघडते. दोन फ्रॉक, कंगवा, आजीने दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. सगळं आत घालते, चेन लावते आणि बॅग पलंगाखाली सरकवते. मी संध्याकाळी ते फ्रॉक काढून कपाटात ठेवते. दोघींपैकी कोणीच त्याबद्दल बोलत नाही.

तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, मम्मी जर्मनीला गेलीय. ही माझ्या नवऱ्याची, अभिजीतची कल्पना. गावात विचारणारे फार, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आयटी कंपनीत नोकरी करणारी बाई परदेशी ऑनसाइट गेली म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मी मात्र इथेच होते, ह्याच फ्लॅटमध्ये. दुसरं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, त्यानंतर माझी झोप गेली, मग भूक गेली. एक दिवस आशी आत रडत होती आणि मी बाल्कनीत बसून ते ऐकत होते. ऐकू येत होतं, उठता येत नव्हतं. शेजारच्या बाईंनी बेल वाजवून वाजवून शेवटी वॉचमनकडून दार उघडवलं. चार दिवसांनी आई येऊन तिला घेऊन गेली.

फोनवर तिला बघताना मी पाठीमागे पडदा लावून बसायची. एकदा कुकरची शिट्टी झाली. "जर्मनीत पण कुकर असतोय?" तिने विचारलं होतं. मी हसले होते. फोन ठेवल्यावर त्याच पडद्यात तोंड खुपसून बसले. तिकडे ती सगळ्यांचं ऐकून माझ्या आईलाच 'आई' म्हणायला लागली होती. "आई, मम्मीनं फोन ठेवला," असं ती म्हणायची, आणि मला ते फोन बंद होता होता ऐकू यायचं.

आधीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. नाव, वय, झोप, भूक, एवढंच विचारून. कोणीतरी मल्लेश्वरमच्या अनुसूया डॉक्टरांचं नाव सांगितलं. मराठी बोलतात म्हणाले, म्हणून गेले. त्यांचं मराठी इथल्या जुन्या मराठी घरांतलं, निम्मं कानडीत भिजलेलं. पहिल्याच भेटीत त्या खुर्चीवरून उठल्या. "चला, मला भाजी घ्यायची आहे. स्वल्प, थोडंसं, चालूया. फी भाजीची नाही हो लावत."

खालच्या मजल्यावर पूर्वी त्यांच्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. जिना उतरताना म्हणाल्या, "आमचे अण्णा गिऱ्हाईक आलं की आधी टेप काढत नव्हते. दारापर्यंत चालून या, म्हणायचे. आरशासमोर उभा माणूस छाती काढतो, ते माप खोटं. चालताना कुठला खांदा पडतो, ते बघून कापड कापायचे."

"मग मी कशी चालते?"

डॉक्टर केळीची पानं विकणाऱ्या बाईपाशी थांबल्या. "डाव्या कडेवर मूल असल्यासारखी. तिकडचा हातही तसाच वाकवलाय. कोण असतं तिथे?"

केळीच्या पानांच्या ढिगापाशी उभी राहून मी रडले. कितीतरी महिन्यांनी. पानवाली माझ्याकडे न बघता गिऱ्हाईक करत राहिली, त्याचं बरं वाटलं.

मग त्यांनी माझं सगळंच बघायला घेतलं. रक्त तपासलं, थायरॉईड बिघडलेला निघाला. सकाळी काय खाता, ऊन कुठल्या खिडकीतून येतं, दिवसभरात मराठी कोणाशी बोलता, गेलेल्या बाळाचं नाव ठरवलं होतं का. ते नाव मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं ते त्यांच्यासमोर. अभिजीतलाही बोलावून चालवलं. "ह्यांची मान फोनमध्ये शिवलीय, आधी ती उसवते," म्हणाल्या. तो बिचारा लाजला, पण त्या दिवसापासून सकाळचा चहा तो करतो आणि माझ्यासमोर बसून पितो.

गोळ्या होत्याच. "त्या घ्यायच्याच," त्या म्हणायच्या. "गोळीने झोप येईल, सरी, ते ठीकच. कडेवरची जागा गोळी भरत नाही. मुलीला आणा."

"पूर्ण बरी झाले की आणते."

"पूर्ण म्हणजे किती?" त्या चालता चालता थांबल्या. "मी लहान असताना अण्णा असेच बसले होते. कात्रीला हात लावेनात. मला सांगितलं, त्यांचे डोळे दुखतात. मग मी रोज शाळेतून आले की त्यांच्या डोळ्यांवर ओली पट्टी ठेवायची. ते गुमान ठेवू द्यायचे. बरे होईनात, तेव्हा मला वाटलं माझीच पट्टी नीट बसत नाही." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मुलीला खरं सांगा. तिच्या मापाचं. तुमचं मोठं माप तिला घालू नका. आणि पुन्हा कधी होणार नाही असं वचन देऊ नका. ते माझ्याकडेही नाही."

हे सगळं ऐकून आठ-दहा आठवडे झाले. आशी आली, आणि तिच्यासाठी मी अजून जर्मनीतूनच आले होते.

आज चेनचा आवाज ऐकला आणि हात पुसत आत गेले. ती दचकली नाही. फ्रॉकची घडी करत होती, आजीसारखी, मांडीवर ठेवून.

"काय करतेस गं?"

"बॅग भरतोय." निपाणीच्या बायकांसारखं बोलते ती.

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. "आशी, मी जर्मनीला गेले नव्हते."

तिने वर बघितलं. "विमानात नव्हतीस?"

"नाही. इथेच होते. मला बरं नव्हतं."

"ताप?"

"ताप नाही. आत, मनाला बरं नव्हतं. तू रडलीस तरी उठता येत नव्हतं. म्हणून आजीने तुला नेलं."

"मी लई रडलो म्हणून बरं नव्हतं?"

"नाही गं. तुझ्यामुळे नाही. अजिबात नाही."

तिने विचार केला. "मी गच्चीवर रोज विमानाला टाटा करत होतो."

"माहितीये मला."

"मग तू बघत नव्हतीस."

"नव्हते."

"डॉक्टरांनी सुई टोचली?"

"गोळ्या दिल्या. अजून घेते."

"कडू?"

"स्वल्प."

हा शब्द तिला आवडला. दोनदा म्हणून बघितला. मग सरकत सरकत माझ्या डाव्या बाजूला आली, मोठी झालीय आता, तरी पाय दुमडून कुशीत बसली. तिच्या डोक्याला अजून आजीच्या तेलाचा वास होता. मी हळूच बॅगेतला एक फ्रॉक बाहेर काढला. तिने काढू दिला. दुसराही काढला. लाडवांच्या डब्याला हात लावला, तसा तिने माझा हात धरला.

"मम्मे," ती डब्याकडे बघत म्हणाली, "तुला परत बरं वाटंनासं झालं, तर मी परत जायचं का?"