एकटीची खोली

दोघी जावा एकाच लाँड्रीत कामाला होत्या. हॉटेलांच्या मोठाल्या चादरींची घडी एकीला घालता येत नाही, म्हणून दोन टोकं थोरलीकडे, दोन धाकटीकडे. झटकायचं, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं. यात बोलायची काही गरज नव्हती, तरी धाकटीची टकळी दिवसभर सुरूच. घरी जावं तर तिथेही तीच, शिवाय सासू, दीर आणि पोरं. आंघोळीलासुद्धा रांग.

थोरलीचा नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. पन्नाशीला आल्यावर तिने वेगळी खोली घेतली. सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"एकटी राहून करणार काय तू?" सासूने विचारलं.

"काहीच नाही," थोरली म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

चहा थंड होईपर्यंत नुसतं बसायची चैन तिने मनसोक्त केली. मग एकदा स्वतःची धुतलेली चादर तिने झटकली आणि पलीकडची टोकं कुणीतरी उचलेल म्हणून तशीच उभी राहिली. समोर भिंत. बाईसाहेब स्वतःशीच हसल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून खोली खायला उठली. परत जायचं तर कुठल्या तोंडाने? कामावर धाकटीने विचारलं की ही ठोकून द्यायची, "झकास चाललंय!"

एका रविवारी दुपारी धाकटी दारात उभी. थोरली मनातून हरखली. न्यायला आली असणार! एकदा नाही म्हणायचं आणि दुसऱ्यांदा विचारलं की पिशवी भरायची, हे तिने चहाचं आधण ठेवता ठेवता ठरवूनही टाकलं.

धाकटी खुर्चीच्या कडेवर गप्प बसली होती. शेवटी म्हणाली, "जाऊबाई, रागावू नका हं. तुम्ही जरा बाहेर जाल का?"

"बाहेर? कुठे?"

"कुठेही. तासभरच. लग्न झाल्यापासून मी एकटी अशी कधी बसलेच नाहीये हो."

थोरलीला आधी राग आला, मग वाईट वाटलं, मग नक्की काय वाटतंय तेच कळेना. तिने एकच कप भरला, धाकटीच्या हातात दिला आणि चपला घातल्या.

आतून कडी लागली. थोरली जिन्याच्या पायरीवर बसली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. दाराच्या आत कुणीतरी आहे, एवढं तिला ठाऊक होतं, आणि कितीतरी दिवसांनी तिला एकटं बसायला बरं वाटत होतं. तास उलटून गेला, तरी तिने दार वाजवलं नाही.