वाचून, समजून

"या ओळीपासून वाचा, गुरुजी," म्हणत केशवराव वकिलांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. "डॉक्टरचा वकील आज तुमाले हेच विचारीन."

मोतीराम गुरुजींनी कागद हातात घेतला, दोन्ही खिसे चाचपले आणि चष्मा गावीच राहिला म्हणून सांगितलं. चष्मा पिशवीत होता, जुन्या मोज्यात गुंडाळलेला. आदिलाबादच्या ग्राहक मंचात तासाभरानं त्यांच्या बायकोच्या तक्रारीची सुनावणी होती आणि गुरुजी आपल्याच वकिलाशी खोटं बोलत होते. माणूस काही वाईट नव्हता. तेरा वर्षं एका गोष्टीला भीत आला होता, एवढंच.

कागद तेलुगूत होता. खाली निळ्या शाईत गुरुजींची सही होती, वळणदार, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपूट काढलेली. केशवरावांनी मग स्वतःच कागद वाचून मराठीत अर्थ सांगितला. गर्भपिशवी काढावी लागेल आणि त्यात लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. मोठ्या दवाखान्यात जायचा सल्ला दिला, तो आम्ही मानला नाही. हे सगळं वाचून, समजून सही केली आहे.

"तुमाले तेलुगू वाचता येते ना?" केशवरावांनी विचारलं.

"येते की," गुरुजी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात विठाबाई उभी होती. बाकं रिकामी होती, तरी उभी होती. अडीच वर्षांपासून ती परक्याच्या बाकावर बसत नसे.

अडीच वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात, तिच्या पोटात दुखू लागलं. गावाहून बारा कोसांवर नव्यानं निघालेल्या खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं. लहानशी गाठ, काढली की आठव्या दिवशी घरी. पैसे आधी भरून घेतले. आठव्या दिवशी लघवीची नळी काढली आणि विठाबाईचं अंथरूण भिजलं. ते भिजतच राहिलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, गोळ्या घ्या. दोन महिने गोळ्या खाल्ल्यावर गुरुजी तिला नागपूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की गाठीबरोबर गर्भपिशवीही काढलेली आहे आणि लघवीच्या पिशवीला भोक पडलेलं आहे. असं भोक पोट शिवायच्या आधी बघायचं असतं आणि तिथल्या तिथे बुजवायचं असतं. नागपूरला एकदा ऑपरेशन झालं, ते टिकलं नाही. दुसऱ्या खेपेला बरं व्हायची चांगली आशा होती, पण आता हात रिकामे होते.

चौतीस वर्षांची बाई. दिवसात पाच वेळा लुगड्याच्या घड्या बदलायची, धुवायची, मागच्या कुंपणावर वाळत घालायची. बारशाला नाही, लग्नाला नाही, विहारात वंदनेला गेली तरी दाराबाहेर. गुरुजींना तिची कीव यायची आणि, खरं सांगायचं तर, वासही यायचा. गाडीत ते तिच्यापासून दोन बाकं पुढे बसत, उतरायचा बोथचा फाटा दिसला पाहिजे म्हणून. आजही तसेच बसून आले होते. कंडक्टरनं दुसरं तिकीट कोणाचं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती हनुवटी मागे केली होती.

पैसे घेऊन इलाज करणारा डॉक्टरही ग्राहक कायद्यात येतो, असा वरच्या कोर्टाचा निकाल झाला तेव्हा केशवरावांनीच निरोप धाडला होता. त्यांनी गुरुजींना सगळं उलगडून सांगितलं होतं. इलाज फसला म्हणून भरपाई मिळत नाही. डॉक्टरनं घ्यायची ती काळजी घेतली नाही, त्यामुळेच ही इजा झाली, आणि रोग्याला धोका आधी सांगितला नव्हता, एवढं दाखवावं लागतं. पहिल्या दोन गोष्टींसाठी नागपूरच्या बाईंनी स्वच्छ लिहून दिलं होतं. तिसरी गोष्ट या कागदावर अडली होती. दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे आले तर तिथूनच येणार होते.

आणि मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या नर्सनं साक्ष दिली होती. सारांनी, म्हणजे गुरुजींनी, कागद पाच मिनिटं वाचला, पान उलटून मागे पाहिलं, मान हलवली, मग सही केली. बिचारी एक अक्षर खोटं बोलली नव्हती. सारांनी अगदी तसंच केलं होतं.

विठाबाईला बाजारातलं तेलुगू कळत होतं. तिनं व्हरांड्यातून ती साक्ष आणि तेव्हा वाचलेला कागदावरचा मजकूर ऐकला. त्या दिवसापासून घरात तिचं बोलणं मीठ, रॉकेल आणि शाळेची वेळ यांच्यापुढे गेलं नव्हतं. तिच्या मनात काय बसलं आहे ते गुरुजींना कळत होतं. नवऱ्यानं सगळं वाचलं, आपली पिशवी काढायला होकार दिला, मोठ्या दवाखान्यात न्यायला नकार दिला आणि आपल्याला सांगितलं नाही.

गुरुजींना तेलुगू वाचता येत नव्हतं. बोलता यायचं, बाजारापुरतं. ते मराठी शाळेत शिकले, मराठी शाळेत लागले. नोकरी पक्की व्हायला राज्यभाषा म्हणून तेलुगूची परीक्षा पास व्हावी लागे. चौऱ्याऐंशी साली तालुक्याला परीक्षा झाली, तेव्हा पर्यवेक्षकानं दयेपोटी पुस्तकं उघडी ठेवू दिली आणि गुरुजींनी चित्र काढावं तशी ती गोल गोल अक्षरं पाहून पाहून उतरवली. त्यांचा हात सुंदर, त्यामुळे मार्कही चांगले पडले. सर्व्हिस बुकात शेरा आला, पगार वाढला. शाळेत तेलुगू परिपत्रक आलं की ते त्यावरून सावकाश नजर फिरवत, मान हलवत, झोकात सही करत, आणि मग सोबतच्या तेलुगू मास्तरांना विचारत, "तुमचं काय मत आहे यावर?" मास्तर मत द्यायचे, त्यातून मजकूर कळायचा.

बाप भिवाजी जन्मभर पाटलाकडे सालदार होता. प्रत्येक कागदावर अंगठा लावून आला होता. मोतीरामची पाटीवरची पहिली सही पाहिली त्या दिवशी तो घरोघरी ती पाटी घेऊन फिरला होता. अशा घरातल्या माणसानं दवाखान्यात, मागे दोन माणसं रांगेत उभी असताना, मला वाचता येत नाही हे नर्सला कसं सांगायचं? डॉक्टर तोंडी म्हणाले होते, लहानशी गाठ. तेच कागदावर असेल, असं गुरुजींनी धरलं.

अकरा वाजता पुकारा झाला. मंचाचे अध्यक्ष आणि दोन सदस्य समोर बसले होते, त्यात एक बाई होत्या. त्या बाईंनी दारात उभ्या असलेल्या विठाबाईला खुर्ची दाखवली.

"उबीच बरी, बाई," विठाबाई म्हणाली.

गुरुजींनी ते ऐकलं.

डॉक्टरांच्या वकिलानं घाई केली नाही. तो हिंदीत विचारत गेला आणि गुरुजी हिंदीत उत्तरं देत गेले. आपण शिक्षक आहात? होय. किती वर्षं? पंधरा. सरकारी तेलुगू परीक्षा पास आहात? गुरुजींनी होय म्हटलं. सही आपलीच? होय. वकिलानं मग कागद त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, सही करण्याआधी हा वाचला होता का?

होय म्हटलं तर तक्रार तिथेच संपत होती. वाचला नाही म्हटलं तर शिकलेला माणूस बायकोला टेबलावर पाठवताना कागदही पाहत नाही, असं झालं असतं. तिसरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं तर सर्व्हिस बुक उघडलं जाणार होतं. पगारवाढी परत, कदाचित नोकरीही. गुरुजींनी कागदाकडे पाहिलं. सवयीनं त्यांची नजर पहिल्या ओळीवरून फिरू लागली, मान हलायच्या बेतात आली. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. विठाबाई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. उभी राहून दीड तास झाला होता.

"मले हे वाचता येत नाई," ते म्हणाले. मराठीतच म्हणाले.

केशवरावांनी चमकून वर पाहिलं. डॉक्टरांचा वकील हसला आणि म्हणाला, परीक्षा तर पास आहात. गुरुजींनी पुस्तक कसं उघडं होतं आणि अक्षरं कशी उतरवली ते सगळं सांगितलं. दवाखान्यात वाचल्याचं सोंग केलं, तेही सांगितलं. कोणी वाचून दाखवला का, असं अध्यक्षांनी विचारलं. नाही. डॉक्टरांनी पिशवीबद्दल, धोक्याबद्दल, मोठ्या दवाखान्याबद्दल काही सांगितलं होतं का? नाही साहेब, लहानशी गाठ म्हणाले. अध्यक्ष लिहून घेत राहिले.

बाहेर आल्यावर केशवराव चिडले होते आणि खूशही होते. हे सहा महिन्यांआधी सांगितलं असतं तर तक्रारीतच लिहिलं असतं, म्हणाले. आता कागदाचा जोर गेला, तक्रार पुन्हा उभी राहिली. निकाल महिन्यानं. पण डॉक्टरांचा वकील या जबानीची नक्कल शिक्षण खात्याकडे धाडल्याशिवाय राहणार नाही, तेवढी तयारी ठेवा. गुरुजींनी मान हलवली. या वेळी समजून हलवली.

स्टँडच्या वाटेवर विठाबाई चार पावलं मागून चालत होती. पाणपोईपाशी ती थांबली.

"तुमाले मालूमच नवतं?"

"नवतं."

"दोन पावलावर मी उबी होती त्या दवाखान्यात. मले इचारलं असतं. कोनाले तरी इचारलं असतं."

"लाज वाटली, विठा."

तिनं पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला. मग म्हणाली, "मायी लाज मी रोज कुंपनावर वायत घालते. साऱ्या गावाले दिसते."

गुरुजींना रडू आलं. भर रस्त्यात, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत ते उभे राहिले. ती त्यांना गप्प करायला आली नाही आणि पुढेही गेली नाही.

स्टँडवर तीन गाड्या लागल्या होत्या. एरवी गुरुजी पाट्यांसमोर उभे राहून वाचल्यासारखं करत आणि मग गर्दीतली ओळखीची पागोटी पाहून गाडीत चढत. आज ते शेजारच्या गाठोडेवाल्या म्हाताऱ्याकडे वळले.

"बाबा, बोथची गाडी कोनती? मले पाटी वाचता येत नाई."

म्हाताऱ्यानं मधली गाडी दाखवली.

विठाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यात मागच्या बाकावर गेली, लुगड्याची घडी पसरून खिडकीशी बसली. गुरुजी दोन बाकं पुढे थांबले, मग मागे गेले आणि तिच्या शेजारी बसले. तिनं अंग चोरलं. जागा पुरेशी होती, तरी त्यांनी सरकून घेतलं नाही. गाडी हलली. कंडक्टर मागपर्यंत आला आणि किती म्हणून विचारलं.

"दोन, बोथ," गुरुजी म्हणाले. "मी आन ही."