उजव्या कानाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. डावीकडून उत्तम, उजवीकडून मेलेला. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी 'आम्हाला जपा हो' म्हणून डोळे पुसतात. मी तसलं काही करणार नाही. मला सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला. कसा, तेवढं सांगतो. तुम्ही लहान आहात, पुढे उपयोगी पडेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्मतःच मला खोक्यात घालून वर प्लॅस्टिक ताणलं होतं. कॉलेजं घरातून भरायची त्या वर्षी मी पनवेलजवळ करंजाडेला सईच्या घरी आलो. सई गुणी मुलगी. मला कानावरून काढलं की वायरीची घडी घालून ठेवायची. ती माझ्या कौतुकाची वर्षं.

मग एके दिवशी तिच्या वडिलांनी, म्हणजे भरतने, क्रिकेटची मॅच बघताना सोफ्यावर बसकण मारली. सोफ्यावर मी होतो. कट्‌ असा आवाज झाला आणि माझी उजवी बाजू कायमची गप्प झाली. भरतने मला खालून ओढून काढलं, बघितलं आणि म्हणाला, "हॅट! फालतू माल." पुढची तीन वर्षं मी ड्रॉवरमध्ये काढली. शेजारी तारीख उलटलेली खोकल्याची बाटली आणि मूठ तुटलेला नेलकटर. तिथेच मी शपथ घेतली. साक्षीदार दोनच होते, आणि दोघेही माझ्याइतकेच चिडलेले.

सुटका झाली ती भरतच्या वडिलांमुळे, काशिरामआबांमुळे. आबा करंजा बंदरावरचे. तरुणपणी बोटीच्या इंजिनाशेजारी बसून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला. नंतर तीस वर्षं धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारला, त्यामुळे आवाज असा की समोरच्या इमारतीतली माणसं "काय हो आबा?" म्हणून गॅलरीत यायची. उजवा कान ठणठणीत होता, पण ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकू येतं म्हटलं की लोक कामं सांगतात. डाव्या कानालाही वाटा मिळावा म्हणून ते टीव्ही मात्र ठणाणा लावायचे. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तेव्हा संजनाला, म्हणजे त्यांच्या सुनेला, मी आठवलो.

माझी वायर टीव्हीपासून आबांच्या खुर्चीपर्यंत पुरेना. आबा मला घेऊन पनवेलच्या बाजारात अझहरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. अझहरने पाच मीटरची जोडवायर दिली, मला कानाला लावून बघितलं आणि म्हणाला, "चाचा, राइट साइड डेड है इसका. शुक्रवारी आणा, सोल्डरचा टाका मारून देतो. पाच मिनिटांचं काम."

घरी येऊन सईने टीव्हीच्या पाठीमागच्या भोकात माझी पिन खुपसली. टीव्ही गप्प झाला आणि आबांच्या डाव्या कानात कित्येक वर्षांनी कबड्डीपटूचा श्वास ऐकू आला. "आयला! दम लागलाय त्याला!" आबा ओरडले. मित्रांनो, त्या क्षणी मी सूड विसरलो होतो. पण फार वेळ नाही.

कारण टीव्ही गप्प झाल्यावर घरातली माणसं ऐकू यायला लागली. आबांच्या कानावर मी आहे म्हणजे आबा बहिरे, असं सगळ्यांनी धरलं. मेलेल्या उजव्या बाजूतून मात्र सगळं आरपार आत जात होतं.

गुरुवारी सई क्लासला गेली होती. भरत सोफ्यावर बसून संजनाला म्हणाला, "सईचा साखरपुडा येत्या रविवारीच. पण बाबांना पुढचा रविवार सांगितलाय."

"अहो, बरं दिसतं का ते? सईचे आजोबा आहेत."

"मग काय करू? मुलाकडच्या लोकांना मी सांगितलंय, वडील सीफूड एक्स्पोर्टमध्ये होते. हे स्टेजवर चढून सांगतील, आमी बंदरावर बोंबील पुकारायचो! शनिवारी त्यांना करंजाला वेणूआत्याकडे सोडतो. सईला सांगू, आत्याची तब्येत बरी नाही, म्हणून बाबा स्वतःच गेले. फोटो नंतर दाखवू की टीव्हीवर."

आबांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. पण माझ्या पट्टीखाली त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती, ती मला लागली. सई पाच वर्षांची असताना आबा तिला खांद्यावर बसवून धक्क्यावर न्यायचे. आता तिच्या साखरपुड्याला तेवढे ते सोडून सगळे जाणार होते.

शुक्रवारी आबा ठरल्याप्रमाणे दुकानात गेले. अझहरने टाका मारायची सळई तापवली. मित्रांनो, तीन वर्षं मी याच घटकेची वाट बघितली होती, आणि आता मी मनातल्या मनात ओरडत होतो, नको! उजवी बाजू बोलायला लागली तर आबांना उरलेलं कसं कळणार? हॉल कुठला, वेळ काय?

आबांनी अझहरचा हात धरला. "नको रं. येवढा आठवडा असाच ऱ्हाऊ दे."

"चाचा, पैसे नको मला."

"पैशाचं नाय. ह्याचा मेलेला कान लय कामाचा हाय."

त्या संध्याकाळी हॉल कळला. नवीन पनवेलला, सकाळी साडेदहा.

शनिवारी भरत आबांना करंजाला सोडायला निघाला. आबांनी मला पिशवीत टाकलं. "न्या की, आत्याकडेही टीव्ही आहे," भरत म्हणाला. स्वतःच्या सुडाला स्वतःच्या गाडीतून नेणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

वेणूआत्यांना सगळं कळलं तेव्हा त्या सुकवायला घातलेले बोंबील तसेच टाकून उठल्या. "दादा, शर्ट काढ. इस्त्री करते. आनि त्या भरत्याला सांग, आत्या मरायला टेकली नाय!"

रविवारी आम्ही मासळीच्या टेम्पोतून नवीन पनवेलला पोचलो. मागे बर्फ गळत होता, पुढे ड्रायव्हरशेजारी आबा पांढऱ्याशुभ्र शर्टात. हॉलच्या दारात त्यांनी मला कानावर चढवलं, पिन खिशात घातली आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसले.

भरतचा चेहरा बर्फात दोन दिवस राहिल्यासारखा झाला. सई साडी सावरत धावत आली. "आबा! आत्या बरी आहे?"

"इस्त्री करत व्हती," आबा म्हणाले.

मुलाकडची मंडळी डोंबिवलीची. मुलाची आजी भरतला म्हणाली, "यांनी हे काय लावलंय?"

"त्यांना... ऐकू येत नाही."

अंगठ्या झाल्या. आजीबाई उठून आबांना खुणा करून म्हणाल्या, आशीर्वाद द्या, दोन शब्द बोला. भरत "नको, नको" म्हणेपर्यंत आबा स्टेजवर होते. माइक त्यांनी बाजूला सारला. त्यांना कधी लागलाच नव्हता.

"बोला, बोला, बोला!" हॉलमधली लहान मुलं रडायची थांबली. "करंजा बंदरावर तीस वर्सं लिलाव पुकारला, आज शेवटचा! माल बगा!" आणि ताजी मासळी दाखवावी तसं त्यांनी भरतचा दंड धरून त्याला पुढे ओढलं. "ह्यो माजा पोरगा! डोला बगा, कल्ला बगा, अजून लाल हाय! कामाला चोख, घराला चोख! ह्या मालात खोट येकच. बापाला बर्फाखाली लपवतो. बोला! कोन घेतो?"

भरतची नजर जमिनीत. मित्रांनो, सोफ्यावरचा तो कट्‌ आवाज मला पुन्हा ऐकू आला आणि या वेळी फार गोड वाटला.

मग सईने हात वर केला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज थेट आबांचा निघाला. "माझी बोली! हवाय मला तो. आहे तसा!"

"दिला!" आबा म्हणाले आणि भरतचा हात तिच्या हातात ठेवला.

आजीबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. "काशिरामजी," त्या म्हणाल्या, "आमच्याकडचाही एक काढायचाय हो लिलावात." आणि त्यांनी स्वतःच्या लेकाकडे, म्हणजे नवऱ्या मुलाच्या वडिलांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी भरत मला घेऊन अझहरकडे धावला. खरंच पाच मिनिटं लागली. आता माझे दोन्ही कान बोलतात. तरी परवा आबांनी टीव्ही म्यूट केला, पिन खिशात घातली आणि मला एका कानावरून सरकवून पडद्याकडे बघत बसले. मागे भरत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाही हो, एक्स्पोर्ट वगैरे काही नाही. बाबा लिलाव पुकारायचे. करंजाला. आवाज ऐकाल तर..." आणि तो हसला.

आबांच्या कानशिलावरची शीर या वेळी शांत होती. माझी मात्र थोडी निराशा झाली. मला अजून बरंच काही करायचं होतं.

म्हणून मी अधूनमधून सोफ्यावर पडून राहतो. भरत येतो, थांबतो, वाकतो आणि बसायच्या आधी गादीवरून नीट हात फिरवून बघतो. तुम्हीही बघत जा, मित्रांनो.