अभ्यास भरून द्या

शनिवारी दुपारी सव्वाबारा वाजता मी पहिल्यांदा भरलो. वेळ पक्की सांगतो, कारण दुकानातला कॉम्प्युटर प्रत्येक फाइलीवर वेळ लिहून ठेवायचा आणि माझ्या पोटातल्या पहिल्या फाइलीवर तीच होती.

मी एक मेमरी कार्ड. नखाएवढा, काळा, अंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘आठ जीबी’ लिहिलेला. मला डोळे नाहीत. फोनच्या पाठीत बसून जे कानावर पडतं, तेवढंच माझं जग.

ही २०१४ सालची गोष्ट. तेव्हा घरोघरी नेट नव्हतं. लोक आमच्यासारखी कार्डं घेऊन पनवेलच्या बाजारात कल्पेशच्या मोबाइलच्या दुकानात यायचे आणि तो ती भरून द्यायचा. कोणाला हळदीची गाणी, कोणाला भजनं, कोणाला परवाच लागलेला पिक्चर. माझ्या शेजारचं कार्ड एका कंटेनरच्या ट्रेलरवाल्यानं घेतलं, ते गाणी गातच न्हावा शेवा बंदराला गेलं. मलाही वाटलं होतं, आपल्या नशिबी वरातच.

तेवढ्यात एक बाई आली. आवाज हलका, जणू काही चुकीचं मागायला आल्यासारखा.

“अभ्यास भरून द्या,” ती म्हणाली.

“काय भरून?”

“अभ्यास. पाचवीचा. गणिताचा. अपूर्णांक का काय ते.”

कल्पेश हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. म्हणाला, “वहिनी, अभ्यासाचं फोल्डरच नाय आपल्याकडे. कोण मागतच नाय. बघतो शोधून. किती टाकू?”

“भरून द्या. जागा ठेवू नका.”

ती निशा. माहेर जासईचं, राहायला सुकापूरला, नवरा जीवन ट्रेलर चालवणारा. तिच्या माहेरी तांदूळ घेताना माप हलवून, वरून दाबून घेतात. रिकामं राहिलं की फसल्यासारखं वाटतं. तिनं मलाही तसंच दाबून घेतलं.

कल्पेशनं इंग्रजीत चार शब्द टाइप केले आणि जे समोर आलं ते सगळं माझ्यात ओतलं. त्यात डॉलरची नाणी मोजणारी एक परदेशी बाई होती. दहावीचं गणित हिंदीतून सांगणारे एक सर होते. दहापर्यंत आकडे म्हणणारं बदकाचं पिल्लू होतं. एका सरांनी तर अर्धं उदाहरण सोडवून ‘पुढचं आमच्या क्लासमध्ये’ म्हणून निरोप घेतला होता. मी गळ्यापर्यंत भरलो आणि निशाच्या फोनमध्ये बसून सुकापूरला आलो.

घरी तिची मुलगी होती, प्रांजल. निशानं फोन तिच्या हातात दिला तेव्हा तिचा आवाज सणासारखा होता. “घे. सगळा अभ्यास हाय याच्यात. बघ न् शीक.” मग ती स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजत होती, पण मधे मधे थांबायची. तेव्हा मला कळायचं, ती कान देऊन ऐकते आहे.

रस्त्यातून जीवनचा फोन आला. मास्तर घरातच ठेवलास हे बरं केलंस म्हणाला, याला जेवायला पण नको घालायला.

प्रांजल रविवारभर बघत राहिली. एक संपलं की दुसरं. बदक तर तिला तोंडपाठ झालं. आई विचारायची, कळतं का? ती म्हणायची, हो. शेवटी तर ती विचारायच्या आधीच ‘हो’ म्हणायला लागली.

सोमवारी सकाळी प्रांजलचं पोट दुखायला लागलं.

सोमवारी गणिताचा तास पहिला. मागच्या महिन्यात सरांनी तिला फळ्यावर बोलावलं होतं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. तिनं वरची वरच्यात, खालची खालच्यात मिळवली आणि लिहिलं दोन पंचमांश. वर्ग हसला. तेव्हापासून गणिताच्या दिवशी तिचं पोट दुखायचं आणि बाराच्या सुमाराला बरं व्हायचं.

निशाला हे पोट चांगलं ओळखीचं होतं. सातवीत तिचंही दुखायचं. तिची आई म्हणाली होती, राहा गो घरी आज, चल माझ्याबरोबर बाजारात मासळीची टोपली घेऊन. एक दिवस राहिली. मग दुसरा. मग शाळेतून कोणी विचारायलाही आलं नाही. तिला कोणी शाळेतून काढलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. शाळा अशीच, पाण्यात पाय सुटावा तशी सुटली होती.

त्या सकाळी प्रांजल म्हणाली, “मला नाही जायचं शाळेत. तू पण नव्हती गेलीस. तुझं काय अडलं?”

निशानं दप्तर खुंटीवरून काढलं आणि परत खुंटीला लावलं.  

तळमजल्यावर मिल्काबाई राहायच्या. एका शाळेच्या वाचनालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. मुलगा जोएल इस्रायलला, त्याच्याशी बोलायला म्हणून घरात कॉम्प्युटर आणि नेट. निशाच्या माहेराहून मासळी आली की निशा त्यांना नेऊन द्यायची. त्या ज्यू, त्यांच्या धर्मात खवल्याचाच मासा चालतो, कोळंबी नाही, चिंबोरी नाही. निशाला हे पाठ होतं. त्या दिवशी ती जिताडा घेऊन गेली आणि मासा ओट्यावर ठेवताना रडू लागली.

मिल्काबाईंनी आधी मला फोनमधून काढून कॉम्प्युटरला लावलं. एकेक फाइल उघडून पाहिली. बदकाशी त्या जरा थांबल्या.

“निशा, ही तू बघितलीस?”

“मी कशाला बघू? मना काय समजतंय त्यातलं?”

“माझ्यासाठी मासा आणतेस, तेव्हा आईची टोपली आणून माझ्या ओट्यावर उलटी करतेस का?”

“नाय. तुमाला चालतो तो बघून आणते. खवलं बघते.”

“मग पोरीसाठी टोपली का उलटी केलीस?”

निशानं नाक ओढलं. मग म्हणाली, “माशाचं खवलं दिसतं, बाई. याचं कुठं असतं?”

“बसून बघू. सापडेल.”

त्या दुपारी दोघींनी जिताड्याला मीठ लावून ठेवलं आणि खवलं शोधायला बसल्या. मिल्काबाईंनी पहिल्यांदा मराठीत टाइप केलं, आणि प्रांजलच्या पुस्तकात धड्याचं जे नाव होतं, तेच टाइप केलं. लगेच वेगळीच माणसं बोलायला लागली. सांगणारा कोण, कुठल्या इयत्तेला शिकवतो, हे जो सांगतच नाही त्याला त्या सोडून द्यायच्या. पाच मिनिटं स्वतःचंच कौतुक करणाऱ्यालाही. निशाचं खवलं निराळं होतं. मास्तर घाई करतो का, तेवढं ती ऐकायची. “हा पळतोय,” ती म्हणायची. “प्रांजल मागं राहील.”

शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी सापडले. वर्गातच उभं राहून कोणाच्या तरी मोबाइलवर काढलेला धडा. मागं कोंबडा आरवत होता आणि एक पोरगं सारखं खोकत होतं. गुरुजींनी टेबलावर दोन भाकऱ्या ठेवल्या होत्या. निशा म्हणाली, “हा थांबून बोलतो.”

मिल्काबाईंनी माझ्यातलं आधीचं सगळं पुसलं. त्या जागी गुरुजींचे थोडेच धडे घातले. मी जवळजवळ रिकामा झालो. कार्डाच्या जातीला रिकामं राहणं हा कमीपणा, पण मला तेव्हा जेवून उठल्यासारखं हलकं वाटलं.

जाताना मिल्काबाई म्हणाल्या, “एकटीच्या हातात देऊ नकोस. शेजारी बस.”

संध्याकाळी निशा स्वयंपाकघरात गेली नाही. प्रांजलच्या शेजारी बसली. गुरुजी बोलू लागले. एका भाकरीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन. यातला एक घेतला, त्यातला एक घेतला. आता किती? निशानं धडा मधेच थांबवला.

“सांग, काय बोलला तो?”

प्रांजल म्हणाली, “कळलं मला.”

“सांग ना मग.”

  खाली रस्त्यावर कंटेनर जात होते तेवढाच आवाज.

मग निशा म्हणाली, “मना पण नाय कळला. परत लाव.”

 प्रांजलनं हळूच विचारलं, “तुला पण?”

“मना पण. लाव परत.”

त्यांनी परत लावला. आणखी एकदा लावला. मग निशा उठली, तांदळाच्या दोन भाकऱ्या घेऊन आली, आणि दोघी ताटावर वाकल्या. अर्धा तुकडा मोठा, तिसरा हिस्सा लहान. सारखे नाहीत तर एकत्र मोजायचे कसे? गुरुजी म्हणत होते, आधी सगळे तुकडे सारखे करा. सुरी चालली. अर्ध्याचे तीन झाले, तिसऱ्या हिश्श्याचे दोन.

“पाच,” प्रांजल म्हणाली. “सहातले पाच. आई, मी फळ्यावर दोन पंचमांश लिहिलेलं. ते तर अर्ध्याहून कमी! अर्ध्यात अजून टाकलं तर कमी कसं होईल?”

“मग हसणाऱ्यांनी सांगितलं का तुला हे?”

“त्यांना तरी कुठं माहीत होतं,” प्रांजल म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती हसलेली मी ऐकली. मग दोघींनी ते गणित कालवणाबरोबर खाल्लं.

पुढच्या गणिताच्या दिवशी पोट दुखलं, पण थोडं. निशानं दप्तर खांद्याला लावलं आणि शाळेच्या फाटकापर्यंत सोबत गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पोटाची गोष्टच निघाली नाही.

आता पाच वर्षं झाली. नेट स्वस्त झालं, नव्या फोनमध्ये मला जागाच नाही. मी सुटी बटणं आणि सेफ्टी पिनांच्या डबीत असतो. माझे सोनेरी दात घासून गेलेत. कुठल्या यंत्रात घातलं तर मी उघडेनच असं नाही. प्रांजल दहावीला आहे. धडे ती स्वतःच निवडते, स्वतःच थांबवते. तरी कधी कधी डबीत ऐकू येतं, “आई, बस ना इथं जरा.” निशाला दहावीतलं काही कळत नाही. ती बसते. कळलं नाही की अजूनही तसंच सांगते.

इमारतीतल्या बायका तिच्याकडे येतात. कुठलं अॅप घेऊ, कुठला व्हिडिओ लावू, सगळं डाउनलोड करून देशील का? ती कोणाला भरून देत नाही.

माझं तेवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारी एखादी आई असेल, पोराच्या हातात फोन देऊन स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत असलेली. तिला सांगा, टोपली उलटी करू नकोस, एकच निवड, आधी तू बघ. आणि मग त्याच्याजवळ जाऊन बस. तिला सांगून झालं की म्हणा, आता तूही पुढच्या दारी सांग.