सालेमच्या अठ्ठावीस खजुरी

त्र्याण्णव साली शारजात, अल धैदच्या पलीकडे वाळूत आम्ही अकरा जण रस्ता करायला गेलो. पत्र्याच्या तीन केबिन, एक चूल, बाकी आभाळ. आता शारजा शहरात, रोल्लात चहा पिणारे सांगतात, हा मुलूख आम्ही वसवला. खोटं आहे. वसवला आम्ही फावडेवाल्यांनी, आणि आमच्या आधीही तिथे एक माणूस राहत होता.

त्याचं नाव सालेम. म्हातारा, तीस खजुरी, शेळ्या, एक विहीर. कंपनीचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, म्हणजे यायचा नाही. मॅनेजर एसीतून म्हणायचा, "टुमारो, इन्शाल्ला." सालेमने आमची कोरडी पिंपं बघितली आणि विहिरीपासून केबिनपर्यंत पाईप टाकून दिला. मागितलं काहीच नाही.

हे फुकटचं पाणी आमच्या भिकाजीला सहन होईना, त्याला काहीतरी परतफेड करायची होती. भिकाजी गुहागरकडचा पाडेली, माडावर चढणं हाच त्याचा जन्म. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सालेम शारजाला गेला होता. भिकाजीने कोयता उचलला. मला म्हणाला,

"विष्णू, ती दोन झाडं भाकड आहेत. गेल्या वर्षी एक खारीक नाही धरली. नुसती खातात, आपल्या मॅनेजरसारखी."

दोन्हींचे शेंडे त्याने चकाचक केले. फुलांच्या जाडजूड पोयी आल्या होत्या, त्याही छाटून खाली टाकल्या. शेळ्यांनी चाटूनपुसून खाल्ल्या.

सालेम आला, वर बघितलं, आणि खाली वाळूतच बसला.

"भिकाजी, ये दो मर्द था. बाकी अठ्ठाईस औरत. अब शादी किससे करेगा?"

माडाच्या एकाच पोयीत नर-मादी दोन्ही फुलं असतात. खजुरीचा नवरा वेगळा उभा असतो, हे कोकणात कुणाला माहीत? नराच्या फुलाची पूड हाताने लावली नाही, तर वर्षाचा खजूर गेला. भिकाजीचा चेहरा बघवेना. आम्ही गपचूप पिंपं भरायला लागलो. आता पाईप जाणार, हे धरूनच चाललो होतो.

सालेमने पाईपकडे बघितलंसुद्धा नाही. "यल्ला, गाडी में बैठ," म्हणाला.

नराची फुलं मागत तीन बागा फिरलो. दारात गेलं की सालेम गप्प. भिकाजीला कोपराने ढोसायचा, "तू बोल." आणि भिकाजी मोडक्या हिंदीत सांगायचा, मी नवरे कापले. पहिल्या बागेत हसले आणि नराच्या फुलांच्या चार काड्या दिल्या. दुसऱ्या बागेत शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. तिसरी बाग सालेमच्या बहिणीची, रशीदाची. ती डोळे पुसेपर्यंत हसली.

"हज्जाम है क्या?" म्हणाली, आणि अख्ख्या दोन पोयी दिल्या.

पुढे तीन आठवडे ड्युटी सुटली की भिकाजी झाडावर. मादीची पोय उकलली की नराच्या काड्या आत उलट्या खोचायच्या, पातीने बांधायचं. आम्ही खालून गाणी म्हणायचो. सालेम प्रत्येक लग्नाला "मबरूक" म्हणायचा, म्हणजे अभिनंदन. आमच्या खऱ्या लग्नांत इतकी मजा नव्हती.

जुलैत अठ्ठावीसही झाडं वाकली. पहिला घड सालेमने पिकअपमधून कॅम्पवर आणला. मॅनेजर नेमका तेव्हाच आला आणि त्याने हात पुढे केला. सालेम म्हणाला, "टुमारो, इन्शाल्ला."

पुढच्या फेब्रुवारीत नर पुन्हा फुलले. भिकाजी दोर आणि कोयता घेऊन बुंध्याशी आला, तर सालेम आधीच तिथे हात पसरून उभा.

"ऊपर जा, हबीबी. कोयता इधर."