मणक्याखालची खाच

ते हाडच आहे हे कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा ज्याला ते ऐकायचं होतं तो माणूस जाऊन सहा आठवडे झाले होते.

बाप दगडाच्या खाणीत पाथरवट होता. खडकात सापडलेला तो गोल ठोकळा, चांगला स्टुलाएवढा, त्याने ढकलगाडीवर घालून घरी आणला आणि सांगितलं, हे हाड आहे. मुकादम हसला, शेजारी हसले. एवढ्या हाडाचा बैल गोठ्यात मावायचा कसा, म्हणून विचारायचे. तेव्हापासून त्याचं नाव पडलं हाडवाला, आणि शाळेत त्याची थोरली मुलगी झाली हाडवाल्याची. बापाने कुणाशी वाद घातला नाही. ठोकळा मागच्या दारी पालथा टाकला आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसून, पाणी मारून, त्यावर छिन्नीला धार लावत राहिला. शेवटी दवाखान्यात तो थोरलीला एवढंच म्हणाला, "कुणातरी जाणत्याला दाखव गं ते एकदा." ती हो म्हणाली.

थोरली त्याच दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेची चादरही तिच्या हाताखालून गेली असणार. तिला ओळखू आली नाही. सगळ्या सारख्याच. डोळ्यांतून टिपूस आलं नाही तेव्हा लोक म्हणाले, मोठी धीराची बाई. धीरबीर काही नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच झालं होतं.

धाकटा भाऊ घर आवरायला आला आणि ठोकळ्याला पाय लावून म्हणाला, हे भंगारवालासुद्धा फुकट नेणार नाही.  सुट्टीच्या दिवशी थोरलीने टेम्पो केला, दोन हमालांकडून ठोकळा चढवला आणि संग्रहालयात नेऊन उतरवला.

तिथल्या मॅडम वयाने तिच्या मुलीसारख्या. त्यांनी दिवा खाली ओढला, ठोकळ्यावरून हात फिरवला आणि पाच मिनिटांत सांगितलं की हाड आहे, दगड झालेलं. कुठल्यातरी प्रचंड प्राण्याच्या शेपटीचा मणका. थोरलीने मान हलवली. पुढे मॅडमनी विचारलं, नेमका कुठल्या थरात सापडला? ते आता कोण सांगणार? खाण बुजवून तिच्यावर गोदामं उभी राहिली होती. मग मणक्यावरूनच ओळखायचं, दुसरा मार्ग नाही, असं म्हणत मॅडमनी तो साफ करायला ठेवून घेतला.

तीन आठवड्यांनी बहीण-भावाला बोलावणं आलं. मणका टेबलावर, वाळूच्या पिशवीवर पालथा ठेवलेला. शेजारी हाडं साफ करणारे म्हातारे गृहस्थ उभे. मणक्याखालच्या खाचेत तेलकट काळं किटण बसलं होतं, ब्रश झिजवून झिजवून काढलं, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. मग मॅडम बोलल्या. अशा मणक्याला खालून खाच असते, रक्तवाहिनी जायला. पण ही जास्त खोल आहे, गुळगुळीत आहे आणि एका बाजूला कललेली आहे. आजवर नोंदलेल्या एकाही प्राण्यात अशी नाही. परगावच्या तज्ज्ञांना त्यांनी फोटो पाठवले होते, त्यांचंही तेच मत पडलं होतं.

"नवीन जात असेल काकू," मॅडम म्हणाल्या, "तर तिला शोधणाऱ्याचं नाव देता येतं."

धाकट्याचा चेहरा उजळला. मुकादमाच्या नातवाला आधी फोन करतो, म्हणाला. मग थोरलीकडे वळला. "ऐकलंस का ताई? हाडवाल्याचं नाव पुस्तकात."

थोरली खाचेकडे बघत होती. किटण गेल्यामुळे ती परकी दिसत होती, पण तिचा कल तिला पाठ होता. बाबा डावखुरे. गप्प बसायचं म्हटलं तर काहीच अवघड नव्हतं. नऊ आठवडे ती तेच करत होती. बाबांचं नाव लागलं असतं. पण खाच जनावराची झाली असती. चव्वेचाळीस वर्षं दिवसभर दगड फोडून आलेला माणूस संध्याकाळी तिथे बसत होता, ते कुणालाच उरलं नसतं.

"उद्या येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली आणि पिशवीतून बापाची छिन्नी काढून टेबलावर ठेवली. काय ते आधी म्हाताऱ्या गृहस्थांच्या लक्षात आलं. त्यांनी छिन्नी उजव्या हाताने खाचेत धरली. बसेना.

"डाव्या हातात घ्या," थोरली म्हणाली.

हात बदलला आणि छिन्नी खाचेत अशी बसली की खाली कागद सरकला नसता. गृहस्थ खुर्चीवर टेकले. "म्हणजे ते किटण लोखंडाचं होतं," म्हणाले. "पुरावाच धुऊन काढला मी."

 मॅडमनी समजावलं की खाच सोडली तर नवीन म्हणण्यासारखं काही राहत नाही. प्राणी मोठा, जात अनिश्चित, एवढंच लिहिता येईल. आणि खाचेची नोंद नमुन्याला झालेली इजा म्हणून करावी लागेल.

"इजा म्हणा," थोरली म्हणाली. "पण कुणाच्या हातची, तेही लिहा."

मॅडमनी नोंदवही पुढे ओढली. "सांगा नाव."

तिने बाबांचं नाव सांगितलं, त्यांच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट. शेवटच्या अक्षरावर आवाज किंचित घसरला. मॅडमनी वर पाहिलं नाही, लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर तिने धाकट्याला फोन करून सगळं सांगितलं. तो चिडला, तोंडाला येईल ते बोलला. ती ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला, "पण हाड आहे ना ते? नक्की?"

"हाडच आहे," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. तिची दुपारची पाळी होती. ती वेळेवर पोचली आणि घड्या घालायला लागली.